तुळशीच्या कुळातील रानफुले कशी ओळखावीत

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या दौंड-शिरूर पट्ट्यात, कुरकुंभसारख्या गावांच्या माळांवर, बांधांवर आणि पडीक रानांत पावसाळा सरताना जी फुले उमलतात, त्यांत तुळस व पुदिना ज्या कुळातले, त्या लॅमिएसी कुळाचा वाटा मोठा असतो. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि पान चुरगाळताच येणारा वास ही या कुळाची खूण सर्वत्र सांगितली जाते. परंतु एवढ्यावर विसंबणे बरे नव्हे, कारण घाणेरीलाही चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि उग्र दर्प असतो, आणि तरीही ती निराळ्या कुळातली आहे.

खरी खूण फुलाच्या तळाशी असते. बाहेरचा हिरवा पेला, म्हणजे निदलपुंज, नखाने उभा चिरला, तर या कुळातील रोपट्यांत चार भागांत विभागलेले अंडाशय दिसते आणि त्याचा दांडा माथ्यावरून नव्हे, तर त्या चार भागांच्या मधून, अगदी बुडापासून वर निघालेला आढळतो; फूल गळाल्यावर त्याच पेल्यात चार बारीक, कठीण फळे उरतात. घाणेरीला मात्र पिकल्यावर काळे होणारे एकच रसाळ फळ धरते.

कूळ ठरल्यावर पुंकेसर पाहावेत. बांधावरच्या तुंब्याच्या पांढऱ्या फुलात वरचा ओठ केसाळ असून पुंकेसर त्याखाली दडलेले असतात, त्यामुळे पराग मधमाशीच्या पाठीला लागतात. तुळशीच्या प्रकारांत ते खालच्या ओठावर टेकलेले असल्याने पराग तिच्या पोटाला लागतात. ‘रानतुळस’ म्हणून दाखवली जाणारी झाडे तर दोन आहेत. खऱ्या तुळशीच्या सोयऱ्याच्या निदलपुंजाचे वरचे निदल रुंद व गोलसर असते, तर अमेरिकेतून येऊन माजलेल्या तणाच्या पेल्याला पाच सारखे, काट्यांसारखे टोकदार दात असतात. औषधासाठी रोप खुडणाऱ्याने हा फरक पाहिल्याखेरीज हात लावू नये.

आज याच कुळात गणल्या जाणाऱ्या निर्गुडीला मात्र चार फळांची कसोटी लागू पडत नाही. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात ती आणि साग ही दोन्ही झाडे घाणेरीच्या कुळात आहेत. पुढे वनस्पतींच्या नातेसंबंधांचा नव्याने अभ्यास झाल्यावर ती तुळशीच्या कुळात आली, म्हणून ओढ्याकाठच्या निर्गुडीची ओळख तीन ते पाच पर्णिकांच्या पानावरून आणि जांभळट, दोन ओठांच्या फुलावरूनच करावी लागते.