किडनीची चरबी मोजायची कशी?

मैत्रिणींनो, चरबी म्हटलं की आपला हात आधी पोटाकडे जातो. ब्लाउज घट्ट झाला, की आपण चार दिवस भात सोडतो आणि विषय मिटतो. पण एक चरबी अशी आहे, जी ना आरशात दिसते, ना वजनकाट्यावर वेगळी कळते. ती असते किडनीच्या भोवती, किडनीच्या मधल्या पोकळीत आणि थोडीशी तर खुद्द किडनीच्या पेशींत.

भोवतीची चरबी म्हणजे किडनीची गादीच. ती हवीच. प्रश्न येतो ती वाढली की. मधल्या पोकळीतून रक्तवाहिन्या आत जातात. तिथे चरबीची दाटी झाली तर त्यांच्यावर दाब येत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून हृदयविकाराचा मोठा अभ्यास चालू आहे. तिथल्या लोकांचे सीटी स्कॅन तपासून २०११ मध्ये असं दिसलं, की ज्यांच्या या पोकळीत चरबी जास्त, त्यांच्यात रक्तदाब आणि किडनीचा जुनाट विकार अधिक. आता चरबीमुळे विकार झाला, की दोन्ही नुसते बरोबर चालले, हे एवढ्यावरून ठरत नाही.

सीटीत क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये ते नसतात. तिथे असतं प्रचंड लोहचुंबक. पाणी आणि चरबी दोन्हींत हायड्रोजन असतो, पण चुंबकात चरबीतल्या हायड्रोजनची लय किंचित मंद पडते. दोन मुली एकाच वेळी फेर धरून निघाल्या आणि एक जरा हळू फिरली, तर कधी त्या शेजारी येतील, कधी अगदी समोरासमोर. या दोन्ही क्षणांची चित्रं घ्यायची, मग बेरीज केली की पाणी मिळतं, वजाबाकी केली की चरबी! डिक्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ही युक्ती मांडली. लिव्हरमधली चरबी अशीच मोजतात. किडनीच्या पेशींत मात्र ती फारच थोडी, शिवाय श्वासाबरोबर किडनी वरखाली हलते, म्हणून मोजणं नाजूक. पण सुई टोचून तुकडा काढण्यापेक्षा हे किती बरं!

मग आपणही हा एमआरआय करून घ्यायचा का? मुळीच नाही. अजून हे संशोधकांचं साधन आहे. त्यावर हजारो रुपये घालवू नका. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. किडनी बरीच बिघडेपर्यंत तक्रार करीत नाही. पायावर सूज येईपर्यंत थांबलं, तर उशीर झालेला असतो. ‘ह्यांची’ तपासणी आपण आठवणीने करवतो, सासूबाईंचीही करवतो. स्वतःची? तीही त्याच दिवशी उरकून घ्या, वेगळी खेप नको.

दुसऱ्या कारणाने एमआरआय सांगितलाच, तर किडनीचा त्रास आहे हे आधी सांगा. काही तपासण्यांत शिरेतून औषध देतात, आणि किडनी फार कमजोर असेल तर त्याचा विचार करावा लागतो. चरबी मोजायला ते औषध लागत नाही. पेसमेकर असेल, तांबी बसवली असेल, तेही सांगा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातले आकडे घरीच काढून ठेवा. पदराची सेफ्टी पिन तेवढी हमखास राहते.