न दिसणाऱ्या द्रव्याचा माग आणि खोडदच्या तबकड्या

शिळफाट्याहून बोरघाट चढायचा, तळेगाव-चाकणमार्गे पुणे-नाशिक रस्त्याला लागायचे आणि मंचर सोडून नारायणगाव गाठायचे. तिथून जवळच खोडद. तिथे शेतमळ्यांत ४५ मीटर रुंदीच्या, तारेच्या जाळीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण ३०, १४ मध्यभागी, १६ तीन दिशांना दूरवर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. वाचक बंधू-भगिनींनी मुलामुलींना जरूर न्यावे. मोबाइल मात्र बंद ठेवा, त्याच्या लहरींपुढे ताऱ्यांचा आवाज बुडतो.

आता मूळ कोडे. दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीवर त्या टिकल्याच नसत्या. म्हणजे न दिसणारे द्रव्य आहे, दिसणाऱ्याच्या साधारण पाचपट. ते कशाचे, हे कोणालाच ठाऊक नाही. एक तर्क असा, की ते अतिहलक्या कणांचे असावे. किती हलक्या? एका इलेक्ट्रॉनच्या वजनाला असे कण एकावर २९ शून्ये इतके लागावेत! असले कण सुटे वागत नाहीत. त्यांची मिळून हजारो प्रकाशवर्षे लांबीची लाट होते. या लाटेला दिशा नसते, तव्याच्या उष्णतेसारखा नुसता आकडा असतो. म्हणून तिला 'अदिश' म्हणतात.

ती पकडायला पल्सार कामी येतात. मेलेल्या ताऱ्यांचे हे गोळे. त्यांतले काही सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि दर फेरीला रेडिओचा ठोका देतात. लाट हेलकावली, की गुरुत्वाकर्षण किंचित बदलते, ठोका लवकर वा उशिरा पोचतो. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या कामगाराला हे सांगायला नको. पण इथला फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाहून कमी, आणि एका हेलकाव्याला सुमारे १३ वर्षे! नोंदी कित्येक वर्षे ठेवाव्या लागतात त्या याचसाठी.

त्यात आणखी एक खोडा. ताऱ्यांमधल्या विद्युतभारित वायूतून येताना ठोका रेंगाळतो, कमी कंपनसंख्येचा अधिकच. हा विलंब वजा केला नाही तर हिशोब फसतो. कमी कंपनसंख्येवर खोडदची दुर्बीण तीक्ष्ण आहे, तिचे मोल इथे कळते.

जून २०२३ मध्ये भारतीय व युरोपीय गटांनी नोंदी एकत्र करून गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीचा पुरावा मांडला आणि अदृश्य द्रव्याचीही तपासणी केली. त्याच वर्षी युरोपीय गटाने २४ वर्षांहून अधिक काळाच्या नोंदींवरून दाखवले, की वर सांगितलेल्या वजनापासून त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे कण एकटेच सगळे अदृश्य द्रव्य असू शकत नाहीत.

"म्हणजे सापडले काहीच नाही!" असे कुणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. हरवलेली वस्तू शोधताना एक खोली झाडून पाहिली, की तिथे पुन्हा जावे लागत नाही. त्याहून जड कणांच्या खोल्या अजून बंद आहेत. तिथली लाट भरभर हेलकावते पण फारच क्षीण असते, त्यामुळे ठोके याहून बारकाईने मोजावे लागतील.