गळ्यातील ग्रंथी आणि मासिक पाळी

मासिक पाळीचा संबंध अंडाशय व गर्भाशय यांच्याशी असतो, हे तुम्ही शिकला आहात. मग पाळी बिघडलेल्या मुलीच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीची तपासणी डॉक्टर का करवितात?

वलगावातील एखाद्या घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पाणी उतरले, की तरंगता गोळा खाली येतो व तोटी उघडते. टाकी भरली, की तोटी मिटते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असेच काम करते. रक्तातील थायरॉक्सिन घटले, की ती टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉक्सिन पुरेसे झाले, की टीएसएच कमी होते.

पण नळालाच पाणी नसेल तर? तोटी पूर्ण उघडी, टाकी मात्र रिकामी! थायरॉईड मंदावली, की रक्तात टीएसएच वाढलेले व थायरॉक्सिन घटलेले आढळते, ते यामुळेच.

अंडाशयाला आज्ञा देणारी ग्रंथीही पीयूषिकाच. थायरॉक्सिन घटल्यावर मेंदूकडून तिला जो जोराचा संदेश येतो, त्याने प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरकही वाढू शकते. ते वाढले, की अंडाशयाकडे जाणाऱ्या आज्ञा मंदावतात. मग अंडे वेळेवर सुटत नाही आणि पाळी लांबते. कधी गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते व नंतर खूप रक्तस्राव होतो. रक्त गोठण्याची क्रियाही काहींमध्ये मंदावते. अशा रक्तस्रावाने लोह घटते, थकवा येतो. आणि घरचे म्हणतात, मुलगी आळशी झाली! उलट, थायरॉईड अति काम करू लागली, तर पाळी बहुधा कमी किंवा विरळ येते.

थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे 4 अणू असतात. तुमच्या वयात रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले. तेथील गलगंड कमी झाला. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

वलगावहून दर्यापूरकडे निघालात, की खारपाणपट्टा लागतो. तेथील विहिरींचे पाणी खारट असते. पण पाणी खारट म्हणून त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. म्हणून मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे, मात्र जास्त खाऊ नये. आयोडीन पुरेसे मिळूनही कधी शरीराची संरक्षक यंत्रणाच थायरॉईडवर हल्ला करते. असा दोष मिठाने जात नाही.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे थोडी अनियमितता स्वाभाविक असते. परंतु 90 दिवस पाळी आली नाही, रक्तस्राव 7 दिवसांहून अधिक चालला, किंवा सोबत सतत थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, गळ्याला सूज असे काही दिसले, तर आईला वा शिक्षिकेला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. पाळी बिघडण्याची इतरही कारणे असतात. थायरॉईडचे कारण रक्ततपासणीने कळते. ग्रंथी मंद असेल, तर रोज थायरॉक्सिनची गोळी देतात आणि पाळी बहुधा पूर्ववत होते. गोळी मनाने सुरू वा बंद करू नये.

शिक्षकांनी वर्गात हा धडा वगळू नये. मुलग्यांनीही तो नीट ऐकावा. त्यांच्या घरीही आई-बहिणी आहेत.