वीरगळ ते बसरा : शौर्य कोरलं, नाव कुठे गेलं?

गावदेवीच्या मागे, तळ्याच्या बांधावर किंवा पाराला टेकून उभा असलेला तीन-चार खणांचा दगड बेळगाव, कोल्हापूर, गोवा या पट्ट्यात अनेकांनी पाहिलेला असतो. कुणी त्याला शेंदूर फासतं, कुणी त्यावर कपडे धुतं. हा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. शब्द कन्नडातून आला. 'कल्लु' म्हणजे दगड. सीमा कुठेही आखा, दगड दोन्हीकडे तोच.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या खणात झुंज असते. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर गावाचं गोधन सोडवताना तो मेला असं समजायचं. मधल्या खणात अप्सरा त्याला घेऊन जातात. वरच्या खणात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. शेंड्याला चंद्र-सूर्य, कारण ते आहेत तोवर आठवण राहावी. गोव्यातल्या कदंबकाळच्या काही वीरगळांवर आणि बोरिवलीजवळच्या एकसरला तर चक्क जहाजांची लढाई आहे. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात दिसला, तर ती सतीशिळा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही, त्यामुळे वीर कोण ते कळत नाही. कर्नाटकात लेख असलेले पुष्कळ सापडतात. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा दहाव्या शतकातला दगड तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या कुत्र्याचा. त्याचं नाव 'काळी', तेही कोरलंय!

नावाचा हाच प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा आला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी लढल्या. कूतच्या वेढ्यात उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. याच पलटणींचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आज बेळगावात आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान या महायुद्धात गेले. गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात ते उगाच नाही.

मेसोपोटेमियात पडलेल्या, पण कबर नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. २७ मार्च १९२९ रोजी त्याचं अनावरण झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीनिहाय नुसता आकडा. कुत्र्याला हजार वर्षांपूर्वी जे मिळालं, ते शिपायाला मिळालं नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली.

घरात 'पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच ठाऊक असेल, तर आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. नोंदी इंग्रजीत आहेत. नावांची स्पेलिंगं तेव्हाच्या कारकुनाच्या कानाप्रमाणे, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून बघावीत. पलटणीच्या नावात 'मराठा'चं स्पेलिंगही जुनं, 'महरट्टा' असं आहे. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो. जिल्हे मात्र तेव्हाचे. रायगडच्या माणसाने कुलाबा शोधावा.