कामाचा माणूस ओळखावा कसा?

दुकानात नोकर ठेवताना किंवा कारखान्यात शागीर्द घेताना आपण काय पाहतो? माणूस ओळखीचा आहे का, हातात कसब आहे का, बोलायला हुशार आहे का. पण दोन महिन्यांनी तक्रार निराळीच असते. काम येते, पण वेळेवर होत नाही. उधारी वहीत टिपायची राहून जाते. ईद उद्यावर येते आणि शिलाईचा माल अर्धवट पडलेला असतो. येथे उणीव कसबाची नसून दुसऱ्याच एका गुणाची असते. मानसशास्त्रज्ञ ज्या गुणाचे मोजमाप करतात, त्याला आपण कर्तव्यदक्षता म्हणू.

अमेरिकेतील पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत २४० विधाने आहेत. त्यांतून स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजले जातात. कर्तव्यदक्षतेच्या वाट्याला ४८ विधाने येतात. तिचे सहा पैलू मानले आहेत: कार्यक्षमता, टापटीप, कर्तव्याची जाण, पुढे जाण्याची धडपड, स्वयंशिस्त आणि विचार करून पाऊल टाकणे. 'हाती घेतलेले काम मी पुरे करतो' अशा धर्तीचे विधान वाचून 'अजिबात मान्य नाही'पासून 'पूर्ण मान्य'पर्यंतच्या पाच उत्तरांपैकी एकावर खूण करायची असते. काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची असतात, म्हणजे डोळे मिटून 'मान्य' म्हणणाऱ्याचा फायदा होत नाही. शेवटी बेरीज करून ती इतर लोकांच्या बेरजेशी ताडून पाहतात. यात कोणी पास किंवा नापास होत नाही.

या मोजमापाचा धंद्याला काय उपयोग? मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली ११७ अभ्यास एकत्र करून सुमारे २४,००० लोकांची माहिती तपासली. त्यांत व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कुशल-अर्धकुशल कामगार होते. पाच गुणांपैकी कर्तव्यदक्षता या एकाच गुणाचा चांगल्या कामाशी सर्व गटांत सातत्याने संबंध आढळला. मात्र हा संबंध माफक आहे. केवळ त्यावर भिस्त ठेवून माणूस ठेवणे किंवा काढणे शहाणपणाचे नाही.

दुसरी अडचण अशी की, नोकरी मागणारा स्वतःची उत्तरे स्वतःच देतो. आपल्या दह्याला आंबट कोण म्हणेल? माउंट यांचा सहभाग असलेल्या २०११ सालच्या अभ्यासात असे दिसले की, माणसाने स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांपेक्षा त्याला ओळखणाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवरून त्याच्या कामाचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो.

आपल्याला २४० विधानांची गरज नाही. उमेदवाराच्या आधीच्या उस्तादाला किंवा मालकाला भेटावे. 'मुलगा कसा आहे?' असे विचारले तर 'चांगला आहे' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे: न सांगता किती वेळा गैरहजर राहिला? हत्यारे जागेवर ठेवत होता का? माल बिघडला तर स्वतःहून सांगत होता का? शक्य तर एकाऐवजी दोघांना विचारावे. मग महिनाभर तारीख ठरवून लहान कामे द्यावीत आणि कोणते काम कधी पुरे झाले ते वहीत टिपावे.

एक सावधगिरी मात्र हवी. टापटीप आणि वक्तशीर माणूस प्रामाणिक असेलच असे नाही. गल्ल्याची किल्ली देण्यापूर्वी प्रामाणिकपणाची पारख वेगळी करावी लागते.

आणि हीच कसोटी मालकालाही लागू आहे. मंगळवारी देऊ म्हटलेला माल मंगळवारी मिळाला की नाही, याचा हिशेब ग्राहक ठेवतच असतो.