शाळा सुटल्यावरचा मीना राजू मंच

शाळेची घंटा झाली की मुलं मैदानाकडे पळतात आणि मुली घराकडे. घरी धाकटं भावंड, भांडी, पाणी हे सगळं त्यांच्यासाठी थांबलेलं असतं. आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीला तर मोठ्या वर्गातल्या मुली शाळेतच कमी दिसतात. मग शाळा सुटल्यावर त्यांना थांबवायचं कसं? त्यासाठी मीना राजू मंच आपल्याकडे आहेच, पण बऱ्याच ठिकाणी तो २४ सप्टेंबरला मीना दिवसाचा फोटो काढण्यापुरता उरलाय.

ही मीना कोण, हे पालकांना आधी सांगावं लागतं. १९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ही कार्टूनमधली मुलगी तयार केली. तिला रूप दिलं ते आपल्या राम मोहन यांनी. राजू तिचा भाऊ, मिठू तिचा पोपट. एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती मिठूला पाठवते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. पुढे कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर सापडतो. दुसऱ्या गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो, तेव्हा दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. राजूची काय गत होते ते मुलांनाच सांगू द्या!

मंचाच्या नावात राजू उगाच नाही. सहावी ते आठवीच्या मुला-मुलींना एकत्र बसवा आणि उठल्यापासून झोपेपर्यंतची कामं तासांनुसार लिहायला सांगा. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिल्या की बेरीज मुलंच करतात, आपल्याला भाषण द्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी बँकेची पैसे काढायची स्लिप भरायला द्या, नंतर एसटीचं वेळापत्रक वाचायला. समग्र शिक्षा अंतर्गत मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. तीन महिन्यांचं ते प्रशिक्षण संपलं तरी सराव मंचात चालू ठेवता येतो.

आणि सायकल! अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते. पुढची शाळा दुसऱ्या गावात, आणि नेमकं तिथेच 'आता पुरे' असं घरात ठरतं. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, बसची सोयही आहे. पण पोरीला चालवताच येत नसेल तर आलेली सायकल भावाची होते. म्हणून सातवीतच शाळेच्या मैदानावर शिकवून टाका. एक जुनी सायकल पुरते.

मुलीचं लग्न १८ वर्षांआधी करणं हा गुन्हा आहे आणि १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे, हे मंचात पाठ करून घ्या. नुसता नंबर पाठ असून भागत नाही म्हणा. घरात स्थळाची बोलणी सुरू झाली, हे मुलगी भर वर्गात सांगत नाही. मंच आवरताना, सतरंजी घडी करता करता हळूच सांगते.

आता वेळेचं. पाऊण तास बस झाला. अंधाराआधी सोडा, तांड्यावरच्या मुलींना एकत्र पाठवा. धाकट्या भावंडाला सोबत आणायला परवानगी द्या, नाहीतर अर्ध्या मुली येणारच नाहीत. सुरुवातीलाच आयांना बोलावून वार ठरवा. सोंगणीचे पंधरा दिवस मंच फक्त शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर ठेवला तरी चालतो.