वहीतून संगणकात : बीडमधल्या नोंदींची पंचवीस वर्षे

नोंदी ठेवणाऱ्या माणसांची बीड जिल्ह्यात कधीच वानवा नव्हती. कोणत्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, किती आगाऊ उचल दिली, टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार, कोण परतला नि कोणाची फिटली नाही, हे सगळे ऊसतोड मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असते. वकिलाच्या तारखा, शिक्षकाची टिपणे, दुकानदाराची उधारी हेही वर्षानुवर्षे कागदावरच. २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्याच्या गावी संगणक केंद्रे निघाली आणि यातली काही मंडळी वही मिटून संगणकाकडे वळली. तेव्हापासून नोंदी ठेवायची किती साधने आली नि गेली! त्यांच्याकडे मागे वळून पाहताना मी कसोटी एकच लावतो : मराठीत लिहिलेली नोंद दहा वर्षांनी उघडते का, आणि शोधली तर सापडते का?

सुरुवातीच्या वर्षांत या कसोटीला जवळजवळ काहीच उतरत नव्हते. मराठी म्हणजे श्रीलिपी नाहीतर कृतिदेव. फॉन्ट असलेल्या संगणकावर मजकूर देखणा दिसे. तीच फाईल शेजारच्या दुकानात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. सगळ्या लिप्यांसाठी एकच असलेली युनिकोड पद्धत विंडोज एक्सपीत होती, पण देवनागरी नीट जुळून दिसायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे, आणि ती सीडी बहुधा संगणक विकणाऱ्याकडेच असायची.

नोटपॅडचा अनुभव तर अनेकांनी घेतला असेल. संध्याकाळभर मराठीत लिहायचे, फाईल सेव्ह करायची, मध्येच इंग्रजीत एक इशारा येई, घाईत ओके दाबले जाई. दुसऱ्या दिवशी फाईल उघडावी तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. कारण साधे होते. नोटपॅड फाईल आपोआप जुन्या ‘अँसी’ पद्धतीने साठवत असे आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती. सेव्ह करताना खालच्या चौकटीत युनिकोडचे ‘यूटीएफ-८’ निवडले की काम भागत असे, पण हे सांगणारे कोणी भेटत नसे.

मग मायक्रोसॉफ्टचे वननोट हे नोंदवहीसारखे साधन आले. २००३ साली ते विकत घ्यावे लागे, २०१४ पासून फुकट झाले. त्याचा खरा गुण भारनियमनाच्या दिवसांत कळला. वीज कधी जाईल याचा नेम नाही, यूपीएसची बॅटरी दोन मिनिटे तग धरणार. अशा वेळी सेव्हचे बटणच नसलेले, लिहिलेले आपोआप जपणारे साधन फार मोलाचे वाटले. पण २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच्या ‘विंडोज १०’ साठीच्या वेगळ्या आवृत्तीचा आधार बंद झाला आणि ती वापरणाऱ्यांना दुसऱ्या आवृत्तीकडे जावे लागले.

इंटरनेटवर नोंदी ठेवणाऱ्या साधनांची कथा याहून वाईट. गुगल नोटबुक २००६ साली आले, २०१२ मध्ये बंद झाले. पुढच्याच वर्षी गुगलने कीप आणले. कामांच्या याद्यांसाठी लाडके असलेले वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. एव्हरनोटने २०१६ मध्ये फुकट वापर दोन उपकरणांपुरता केला आणि २०२३ च्या अखेरीस ५० नोंदी नि एका वहीवर आणून ठेवला. २०२० साली व्यक्तिगत वापरासाठी नोशन जवळपास पूर्ण मोफत झाले. ते देखणे आहेच. पण नेटशिवाय काम करायची सोय त्यात २०२५ साली आली. जिओमुळे २०१६ नंतर खेड्यात नेट पोचले खरे, तरी रेंजच्या भरवशावर रोजचे काम टाकता येत नाही, हे पाटोदा-आष्टीच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

माझ्या मते मराठी माणसासाठी या पंचवीस वर्षांतला सर्वात महत्त्वाचा बदल कोणत्याही नव्या ॲपमध्ये झाला नाही. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटमध्ये दोन गोष्टी आल्या : नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ मध्ये साठवू लागले आणि विंडोजमध्येच मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड मिळाला. त्याची जाहिरात कोणी केली नाही. पण साध्या मजकुराची फाईल मराठीसाठी खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली ती तेव्हा.

एक अडचण मात्र अजून आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या नोंदींत पावलोपावली भेटते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एकात खाली नुक्ता असलेले ‘ऱ’ हे अक्षर असते, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे जुन्या टंकलेखन साधनांनी लिहिलेल्या नोंदींत ‘शेतकऱ्यांना’ शोधले, तर समोर असूनही सापडत नाही. उपाय आहे : सगळ्या फाईलींत एकदम शोधून एक रूप काढायचे नि दुसरे घालायचे. नोटपॅड प्लस प्लससारख्या मोफत साधनात हे काही मिनिटांत होते, पण नोंदी तुमच्या फोल्डरमध्ये साध्या फाईली म्हणून असतील तरच. कंपनीच्या सर्व्हरवर अडकलेल्या नोंदींना हा उपाय लागू करायचा तर आधी त्या बाहेर काढाव्या लागतात.

अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांची पासोडी इथे आठवते. १६१५ मध्ये दासोपंत गेले. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले, आणि चारशे वर्षांनंतरही ती पासोडी टिकून आहे. ती वाचायला कसले खाते, वर्गणी लागत नाही. या गुणाच्या सर्वात जवळ आज ऑब्सिडियन आणि जॉप्लिन ही दोन साधने येतात. ऑब्सिडियन २०२० साली आले. त्यात प्रत्येक नोंद ही तुमच्या डिस्कवरची साधी मजकूर फाईल असते, उद्या ते बंद झाले तरी ती नोटपॅडमध्ये उघडेल. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, एव्हरनोटमधून काढलेल्या नोंदी ते आत घेते आणि साध्या फाईलींत बाहेरही देते.

म्हणून नवा संगणक घेणाऱ्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला, पत्रकाराला माझा सल्ला ऑब्सिडियनचा आहे. आठवणीपुरत्या याद्यांना कीप पुरे. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : पीकविम्याच्या गर्दीत लोकांचे आधार क्रमांक आणि पासवर्ड कोणत्याही नोंदींच्या ॲपमध्ये टिपून ठेवू नका. आणि कोणतेही साधन निवडा, पण पहिल्याच दिवशी दहा ओळी मराठीत लिहा, त्या फाईल म्हणून बाहेर काढा, नेट बंद करून नोटपॅडमध्ये उघडा. अक्षरे जशीच्या तशी दिसली, तरच पुढची नोंद तिथे लिहा.